पुढच्या मार्चपर्यंत टिकेल का?

माझ्या ऑफिसात येणाऱ्या फायली नगर जिल्ह्यासारख्याच मिश्र असतात. नागापूर एमआयडीसीतले प्रेस शॉप, सुप्याचा एखादा नवा कारखाना, दूध गोळा करणारी खासगी कंपनी, पतसंस्था, उसाच्या पैशावर उभा राहिलेला एखादा जोडधंदा. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना तोंडी नगरच येते, म्हणून इथेही तसेच लिहितो.

या सगळ्या ताळेबंदांच्या मुळाशी एक न लिहिलेले गृहीतक असते: धंदा चालू राहणार आहे. तीस लाखांचे मशीन घसारा वजा करून बावीस लाखांना दाखवले जाते, कारण ते अजून काही वर्षे माल काढणार असे धरलेले असते. उद्या शटर खाली आले तर तेच मशीन भंगारवाला किलोवर नेईल. अर्धवट झालेल्या मालाचीही तीच गत. या गृहीतकाला आम्ही 'गोइंग कन्सर्न' म्हणतो. ते खरे आहे का हे तपासणे आणि शंका असेल तर ती अहवालात लिहिणे हे ऑडिटरचे काम. आमच्या सीए इन्स्टिट्यूटचे 'एसए ५७०' हे मानक त्याच कामासाठी आहे. मानक वाचून होते तासाभरात. बाकीचे गिऱ्हाइकांकडून शिकलो, ते असे.

१. पहिल्या खुणा ताळेबंदात नसतात, गेटवर असतात

कारखान्यात गेलो की आधी चहा घेत केबिनमध्ये बसत नाही, इनवर्ड रजिस्टर मागतो. गेल्या वर्षी पत्र्याची कॉइल साठ दिवसांच्या उधारीवर यायची. यंदा पुण्याचा व्यापारी म्हणतो, आधी आरटीजीएस करा, मग गाडी भरतो. ताळेबंदात हे कसे दिसते? देणी कमी झाली असे दिसते! नवशिक्याला वाटते, वा, कंपनीने उधारी फेडली. प्रत्यक्षात बाजाराने उधार द्यायचे बंद केलेले असते. पुरवठादाराने उधारी तोडून रोखीवर येणे ही खूण एसए ५७० च्या यादीत स्वच्छ लिहिलेली आहे, आणि माझ्या मते त्या यादीतली ती सगळ्यात प्रामाणिक खूण आहे. बँक मॅनेजरला समजावता येते, ऑडिटरला समजावता येते, ज्याचे पैसे अडकलेत त्या पत्रेवाल्याला समजावता येत नाही.

मग बाकीचे दिसू लागते. बेअरिंग आणि टूल पूर्वी घाऊक यायचे, आता मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून किरकोळ बिलांवर येतात. पीएफचे चलन पंधरा तारीख ओलांडते. जीएसटीची ३बी रिटर्न दोन-दोन महिने अडकते, कारण कर भरायला पैसे नसतात. महावितरणचा माणूस वीज तोडायला येऊन जातो, मग बिल भरले जाते. सुपरवायझरचा पगार दोन हप्त्यांत होतो. वर्षानुवर्षे टिकलेला अकाउंटंट अचानक 'घरची अडचण' सांगून जातो. हिशेब लिहिणारा माणूस बोट कुठे चालली आहे ते मालकाच्या आधी ओळखतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

यातली एकच गोष्ट दिसली तर तिला फार अर्थ नाही. दिवाळीच्या आगेमागे चांगल्या कारखान्याचीही ओढाताण होते. तीन-चार गोष्टी एकाच तिमाहीत दिसल्या तर मात्र ताळेबंद कितीही गोरागोमटा असला तरी मी वहीत एक नवे पान उघडतो.

नगरमध्ये आणखी एक विशेष. आपले बरेचसे छोटे कारखाने चाकण किंवा वाळूजच्या एकाच मोठ्या कंपनीला माल देतात. तिथल्या खरेदी विभागाने शेड्यूल अर्धे केले की इथे दोन महिन्यांत बोंब होते. त्यामुळे 'विक्रीतला सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती' हा प्रश्न मी नफ्याच्या आधी विचारतो.

२. नफा वाचायचा, पण महिन्यांची रोकड मांडायची

कागदावरचा नफा आणि बँकेतला पैसा किती लांब असू शकतात हे शिकायचे तर साखरेचा धंदा बघावा. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून या जिल्ह्यात साखरेचे अर्थकारण कळत नाही असे म्हणणारा माणूस सापडणे अवघड. तरी कळते त्यांचाही हिशेब चुकतो.

गाळप चालते साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान ऊसकिंमत, द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज, हे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. साखर मात्र विकायची वर्षभर, आणि जून २०१८ पासून तीही केंद्राने महिन्याला ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणे. म्हणजे पैसे चार-पाच महिन्यांत बाहेर जातात आणि बारा महिन्यांत परत येतात. मधली दरी भरतो बँकेचा माल तारणाचा पैसा. त्यात साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि बरीच वर्षे तिथेच राहिली. त्याच काळात एफआरपी २०१८-१९ च्या २७५ रुपयांवरून २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ वर गेली, उताऱ्याचा पाया १० वरून १०.२५ टक्के झाला तो वेगळाच. गोदाम भरलेले, साठ्याचे मूल्य ताळेबंदात ठसठशीत, नफाही थोडाफार, आणि शेतकऱ्याचे पैसे थकलेले: हे चित्र विरोधाभासी वाटते, पण त्यात खोटे काहीच नसते.

म्हणून माझ्याकडच्या आर्टिकलच्या मुलांना मी एक कोष्टक करायला लावतो. आडवे बारा महिने. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणे, त्याखाली देणे, आणि कर्जाचे हप्ते वेगळ्या ओळीत. ज्या महिन्यात शिल्लक उणे होते त्या महिन्यावर बोट ठेवायचे आणि मालकाला एकच विचारायचे: या महिन्यात काय करणार? 'बघू, होतं काहीतरी' हे उत्तर आले की तेही तसेच लिहून ठेवायचे. मुलांना हे कोष्टक फार बाळबोध वाटते. गुणोत्तरे काढायला त्यांना आवडतात, एक्सेलमध्ये छान रंग येतात. पण गुणोत्तर ३१ मार्चचे असते, आणि कंपन्या सहसा ऑगस्टमध्ये अडतात.

३. अहवाल 'क्लीन' असूनही त्यात शंका असू शकते

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की चांगले शिकलेले संचालकही त्यात सापडतात. 'ऑडिटरने क्लीन रिपोर्ट दिलाय' असे म्हणत ते अहवालाचे पहिले पान दाखवतात. पुढचा परिच्छेद कुणी वाचलेला नसतो.

रचना अशी आहे. कंपनी चालू राहील हे गृहीतक योग्य आहे, पण त्याबद्दल मोठी अनिश्चितता आहे, आणि कंपनीने ती हिशेबाच्या टिपांमध्ये स्वतःहून नीट सांगितली आहे, अशा वेळी ऑडिटरचे मत बदलत नाही. हिशेब खरे आणि रास्त चित्र दाखवतात असेच तो म्हणतो. फक्त 'गोइंग कन्सर्नसंबंधी लक्षणीय अनिश्चितता' अशा मथळ्याचा वेगळा भाग अहवालात घालतो. १ एप्रिल २०१७ पासून सुरू झालेल्या वर्षांसाठी हा स्वतंत्र मथळा सक्तीचा झाला. त्याआधी तीच गोष्ट 'विशेष लक्ष वेधतो' छापाच्या परिच्छेदात चार इतर बाबींबरोबर गुपचूप बसायची.

कंपनीने टिपेत नीट सांगितले नाही, तर मत सशर्त किंवा थेट प्रतिकूल होते. कंपनी बंदच पडणार हे दिसत असताना चालू धरून हिशेब केले असतील, तर टिपेत काहीही लिहिले तरी मत प्रतिकूलच. आणि व्यवस्थापनाने पुढचा अंदाज करायलाच नकार दिला, तर सशर्त मत किंवा मत द्यायला असमर्थता. म्हणजे टीप मोकळेपणाने लिहिणाऱ्या मालकाला सौम्य अहवाल मिळतो आणि लपवणाऱ्याला कडक. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला जूनमध्येच सांगतो. ऐकल्यावर बहुतेकजण एकच मागणी करतात: 'साहेब, टिपेत काय लिहायचं ते लिहू, पण तुमच्या अहवालात नको.' टीप आहे म्हणूनच अहवालात यायला हवे, हे पटवायला एक बैठक पुरत नाही.

४. अंदाज मालकाने करायचा, पुरावा आपण मागायचा

पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज मांडणे हे पहिल्यांदा व्यवस्थापनाचे काम. मालकांना ते नवे वाटते, कारण त्यांनी आजवर अंदाज केलेला असतो तो बँकेसाठी. सीएमए डेटा नावाच्या त्या कागदात विक्री दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढते, उधारी वेळेवर वसूल होते, कच्चा माल महाग होत नाही. तोच कागद माझ्यापुढे ठेवला जातो. मी त्याच कंपनीचा मागच्या तीन वर्षांचा सीएमए मागवतो आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी लिहितो. वाद तिथेच निम्मा मिटतो.

अडचणीतल्या मालकाकडे बहुधा तीनपैकी एखादी योजना असते. पहिली, जमीन विकणार. मग सातबारा बघायचा: इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, जमीन कुळकायद्यातली किंवा नव्या शर्तीची आहे का, वाटणी झाली आहे का. विसार पावती असेल तर किती रकमेची, आणि ती रक्कम खरोखर बँकेत आली का. दुसरी, नवे कर्ज. तोंडी होकार चालत नाही, मंजुरीपत्र हवे, आणि त्यातल्या अटी पूर्ण होण्यासारख्या हव्यात. तिसरी योजना सगळ्यात लाडकी: मेव्हण्याची कंपनी, चुलत्याची फर्म, मुलाचे अमेरिकेतले पैसे. त्यासाठी पाठिंब्याचे पत्र तयार असते. पत्र देणाऱ्याचा ताळेबंद मागितला की वातावरण थंड होते. पण ज्याच्याकडे स्वतःची देणी भागवायला पैसे नाहीत त्याच्या पत्राने माझा परिच्छेद कसा काढू?

सगळ्यात उपयोगी पुरावा फुकट मिळतो. आपण ऑगस्टमध्ये सही करतो, तेव्हा एप्रिल ते जुलैचे बँक स्टेटमेंट हजर असते. भविष्यातले चार महिने घडून गेलेले असतात. मार्चनंतर किती चेक परत गेले, कॅश क्रेडिट खाते किती दिवस मर्यादेच्या वर होते, हे बघायला कुठलेही मानक पाठ असावे लागत नाही.

५. 'तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही बुडालो'

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. अहवालात तो मथळा आला की बँकेची शाखा तो मुख्यालयाला पाठवते, लिमिटचे नूतनीकरण लांबते, पुरवठादाराच्या कानावर जाते. लिहिण्याने धक्का बसतो.

पण देशातली दोन मोठी उदाहरणे शेजारी ठेवून बघा. किंगफिशर एअरलाइन्सच्या २०१०-११ च्या हिशेबांवर ऑडिटरांनी कंपनीचे नक्त मूल्य संपल्याकडे आणि चालू राहण्याच्या गृहीतकाकडे लक्ष वेधले होते. विमाने थांबली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. ज्यांनी तो परिच्छेद वाचला त्यांना वर्षभराचा अवधी मिळाला होता. दुसरीकडे व्होडाफोन आयडिया. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एजीआर, म्हणजे सरकारला द्यायच्या महसूल-हिश्शाच्या, थकबाकीचा निकाल आला आणि त्यानंतर या कंपनीच्या अहवालांत ऑडिटर ही अनिश्चितता वर्षानुवर्षे लिहीत राहिले. तुमच्या-माझ्या शेजाऱ्याच्या फोनमध्ये तिचे सिम चालतच राहिले. सरकारने देणी भागभांडवलात बदलून घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेला. नागापूरच्या प्रेस शॉपमध्ये सरकार भागीदार होणार नाही, हा फरक आहेच. तरी एवढे दिसते की शंका लिहिली म्हणून कंपनी मरत नाही आणि न लिहिल्याने वाचत नाही.

माझे मत थोडे कठोर आहे. 'लिहू नका' म्हणणारा मालक बहुतेक वेळा बँकेला वाचवायला सांगत नसतो. बँकेकडे तारण असते, वैयक्तिक हमी असते, दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट असते. अंधारात राहतो तो उधारीवर माल देणारा छोटा पुरवठादार. केडगावचा फॅब्रिकेशनवाला, टेम्पोवाला, लेबर कॉन्ट्रॅक्टर. त्यांच्या उधारीवर कंपनी आणखी सहा महिने ओढता येते, म्हणून तो परिच्छेद नको असतो.

६. नगर अर्बनने काय दाखवले

या बँकेच्या ऑडिटशी माझा कधी संबंध आला नाही; लिहितो ते सगळ्यांसमोर असलेल्या नोंदींवरून. १९१० साली सुरू झालेली नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक म्हणजे शहराच्या तीन-चार पिढ्यांची बँक. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला. २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन पुन्हा मंडळ आले आणि ६ डिसेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले: खात्यातून जास्तीत जास्त दहा हजार रुपये काढता येतील. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही, आहे त्या स्थितीत ठेवीदारांना पूर्ण पैसे देता येणार नाहीत, अशी कारणे रिझर्व्ह बँकेने दिली. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली होती, त्यामुळे बहुसंख्य ठेवीदार त्या कवचात आले. पाच लाखांवरचे राहिले. त्यात निवृत्तीचे पैसे एका जागी ठेवणारे होते.

यातून ऑडिटर म्हणून मी जे घेतले ते थोडे आडवळणाचे आहे. बँक अडचणीत आली की तिच्यात ठेव असलेल्या प्रत्येक संस्थेचा प्रश्न उभा राहतो. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. त्या आपल्या शिलकी रकमा बँकांत ठेवतात, आणि संस्था म्हणून त्यांनाही विमा पाच लाखांपुरताच. पतसंस्थेच्या स्वतःच्या ठेवीदाराला तर ठेव विमा महामंडळाचे कवच मुळीच नाही. तेव्हा एखाद्या पतसंस्थेची तपासणी करताना गुंतवणुकीच्या यादीतली बँकांची नावे मी आता एकेक करून बघतो. निर्बंध असलेली बँक सापडली तर विचारतो: हे पैसे दोन वर्षे मिळाले नाहीत तर मार्च महिन्यात तुमच्या काउंटरवर आलेल्या माणसाला काय द्याल? अशा वेळी सचिव तरतुदीचा आकडा सांगतात. तरतूद नफ्यातून होते, काउंटरवर मात्र रोकड लागते.

आणि तो 'ऑडिट वर्ग अ' चा बोर्ड. पतसंस्थेच्या दारावर, कॅलेंडरवर, पासबुकावर तो असतो. वर्ग ठरतो तो मागच्या वर्षीच्या कामकाजाच्या गुणांवर. पुढच्या वर्षी संस्था ठेवी परत करू शकेल का, याचे उत्तर त्या अक्षरात नसते. ठेवीदार मात्र ते अक्षर पुढच्या वर्षाचे वचन म्हणून वाचतो, आणि संस्थाही त्याला तसेच वाचू देतात.

७. सभेत वाचा

नगर जिल्ह्यातली सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली नाही त्याला 'मंजूर, मंजूर' हा आवाज समजावून सांगता येणार नाही. विषय क्रमांक चार, लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. मंजूर! छापील अहवाल मागच्या रांगेत वारा घ्यायच्या कामी आलेला असतो. चहा-जिलेबी मंडपाच्या बाजूला तयार असते.

सहकारी संस्थेला ऑडिटमधल्या दोषांचा दोषदुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो दिला जातोही, बहुधा 'नोंद घेतली, पुढे काळजी घेऊ' या भाषेत. कंपनी कायदा याबाबत थोडा धारदार आहे. कलम १४५ प्रमाणे ऑडिटरचे जे शेरे कंपनीच्या कामकाजावर प्रतिकूल परिणाम करणाऱ्या बाबींबद्दल आहेत ते सभेत वाचून दाखवावे लागतात, आणि कलम १३४ प्रमाणे सशर्त किंवा प्रतिकूल शेऱ्यावर संचालक मंडळाला आपल्या अहवालात खुलासा द्यावा लागतो. खासगी कंपनीत सभा म्हणजे नवरा, बायको आणि भाऊ. तिथे वाचायचे कुणासमोर, हे मान्य. पण जिथे सभासद शेकडो आहेत तिथे मी चेअरमनना विनंती करतो की तो एक परिच्छेद मला मराठीत वाचू द्या. इंग्रजी मसुद्यातले 'मे कास्ट सिग्निफिकंट डाउट' सभेत कुणालाच टोचत नाही. 'पुढच्या वर्षभरात देणी भागवण्याइतका पैसा कुठून येणार हे आम्हाला दिसलेले नाही' असे म्हटले की मागची रांगही मान वर करते. एका सभेत एका वयस्कर सभासदाने उठून विचारले, 'म्हणजे अण्णा, आमच्या ठेवी काढून घ्यायच्या का?' चेअरमननी माझ्याकडे पाहिले. ठेवा की काढा हे ऑडिटरने सांगायचे नसते. मी म्हणालो, 'दादा, प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर मंडळाने द्यायचंय.' त्या दिवशी तो विषय लगेच मंजूर झाला नाही.

८. शंका उशिरा पोचते

आपल्या पद्धतीतला हा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो. मानक सांगते, ताळेबंदाच्या तारखेपासून किमान बारा महिन्यांचा विचार करा. ताळेबंद ३१ मार्चचा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. हिशेब कंपनी निबंधकाकडे भरायला त्यानंतर तीस दिवस. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या हाती शंका येते ती ऑक्टोबरच्या शेवटी, बारांपैकी सात महिने संपल्यावर. आपल्याकडे पिकांची पैसेवारी आधी नजर अंदाजाने, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते. ऑडिटरची शंका म्हणजे थेट अंतिम पैसेवारी. ती येते तोवर जनावरे बाजारात विकून झालेली असतात.

जगातही हे जाणवलेले दिसते. ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीच्या २०१६ च्या हिशेबांवर मार्च २०१७ मध्ये स्वच्छ अहवाल मिळाला, जुलैमध्ये कंपनीने नफ्याचा धक्कादायक इशारा दिला आणि जानेवारी २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. त्या ऑडिटसाठी केपीएमजीला तिथल्या नियामकाने २०२३ मध्ये २ कोटी १० लाख पौंडांचा दंड केला. आंतरराष्ट्रीय मानक आता बदलले आहे. १५ डिसेंबर २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी बारा महिने मोजायचे ते हिशेब मंजूर झाल्याच्या तारखेपासून, आणि शंका नसली तरी गोइंग कन्सर्नवर अहवालात वेगळा भाग. आपल्याकडेही तसे व्हावे असे मला मनापासून वाटते.

तोवर छोट्या पुरवठादारांना मी एक साधी गोष्ट सांगतो. मोठी उधारी देण्याआधी कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरा आणि त्या कंपनीचे कागद काढा. नफा सोडा. ऑडिट अहवालात गोइंग कन्सर्नचा मथळा आहे का, त्याला जोडलेल्या कारो २०२० आदेशाच्या परिशिष्टात सतराव्या मुद्द्यात रोख तोटा लिहिलाय का, अठराव्यात आधीच्या ऑडिटरचा राजीनामा आहे का, आणि एकोणिसाव्यात वर्षभरातली देणी भागवण्याबद्दल ऑडिटर काय म्हणतो, एवढे चार कोपरे बघा. एकोणिसाव्या मुद्द्यात बहुतेक ऑडिटर एकच लांबलचक ठेवणीतला मजकूर चिकटवतात, ज्याचा शेवट 'ही भविष्याची हमी नाही' असा होतो. त्यातही कुणी एखादे वाक्य स्वतःचे लिहिले असेल तर ते वाक्य दोनदा वाचा. अगदी छोट्या खासगी कंपन्यांना कारो लागू नसतो. तिथे मग इनवर्ड गेटवरच उभे राहावे लागते.

९. लिहिल्यावर गिऱ्हाईक जाते

जातेच असे नाही, पण बऱ्याचदा जाते. फी थकते, फोन उचलला जात नाही, मग निरोप येतो की 'घरातल्यांच्या ओळखीचे' एक सीए आहेत. आपणच राजीनामा द्यायचा असेल तर कंपनी आणि निबंधकाकडे तीस दिवसांत एडीटी-३ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण द्यावे लागते. 'कामाच्या व्यापामुळे' हे कारण लिहायला सोपे आहे. मी ते लिहीत नाही. अहवालातला तपशील आणि न मिळालेले कागद, दोन्ही नोंदवतो.

आमच्या व्यवसायाचा नियम आहे की नव्या ऑडिटरने काम घेण्याआधी जुन्याला पत्राने विचारायचे. अशा एका कंपनीबद्दल पत्र आले तेव्हा पाठवणारा तरुण मुलगा होता, नुकताच सावेडीत ऑफिस थाटलेला. पत्रानंतर त्याने फोनही केला. 'सर, हे काम घेऊ की नको?' मी म्हणालो, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण होकार देण्याआधी एप्रिलपासून आजपर्यंतचं बँक स्टेटमेंट आणि थकीत हप्त्यांची यादी मागा, आणि देतात का ते बघा. दिली त्यांनी, बहुधा नव्या माणसाला खूश ठेवायला. त्याने काम घेतले. पुढच्या वर्षी उत्सुकता म्हणून शंभर रुपये भरून मी तो अहवाल काढला. मथळा होता. खालचा मजकूर माझ्यापेक्षा चार ओळी लांब होता आणि उणे शिलकीचा महिना त्यात नावाने लिहिला होता.